देवानेसुद्धा पावती घेतली होती

या वीकेंडला खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहायचं ठरवलं होतं. पण गेल्या शनिवारी मंगळवेढ्याला मामांकडे जाऊन आलो आणि डोक्यात एक किडा वळवळायला लागला. तो बाहेर काढल्याशिवाय सोमवारी कोडमध्ये लक्ष लागायचं नाही. तेव्हा मंडळी, आज जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

झालं असं, की ज्वारीच्या सुगीत मामा कडब्याच्या ट्रॉलीवरून पडले. उजवा हात वर होईना. एमआरआय काढला तर खांद्याचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारा दोर, हाडापासून सुटलेला. शहरातल्या एका हॉस्पिटलात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. चांगलं झालं. डॉक्टर हुशार, माणूसही बरा. मामा आता स्वतःच्या हाताने टोपी घालतात. तक्रार ऑपरेशनबद्दल नाहीच.

तक्रार बिलाबद्दल आहे. त्यात एक ओळ होती: 'इम्प्लांट चार्जेस, ८४,००० रुपये'. बस्स! किती नग, कुठल्या कंपनीचे, कशाचे बनवलेले, काही नाही. डिस्चार्ज कार्डावरही नाही. काउंटरवर विचारलं तर उत्तर आलं, "सर, पॅकेजमध्ये असंच येतं."

ही वस्तू काय असते ते आधी सांगतो. तिला म्हणतात सूचर अँकर. साधारण चार-पाच मिलिमीटर जाडीचा, आटे असलेला खिळा समजा. तो दंडाच्या हाडाच्या डोक्यात पिळून बसवतात. त्याच्या मागच्या टोकाला मजबूत धागे ओवलेले असतात. ते धागे टेंडनमधून काढून गाठी मारल्या, की टेंडन हाडावर दाबून बसतो. गंमत म्हणजे कायमचा जोड हा खिळा देत नाही. तो फक्त शरीर स्वतः जोड भरून काढेपर्यंत काही महिने धरून ठेवतो. तंबूची खुंटीच म्हणा ना. कुणी टायटॅनियमचे बनवतं, कुणी पीक नावाच्या प्लास्टिकचे, कुणी शरीरात हळूहळू विरघळणारे, आणि आता तर नुसत्या धाग्याच्या गाठोड्याचेही मिळतात. अँकर यायच्या आधी सर्जन हाडालाच आरपार भोकं पाडून त्यातून धागा ओवत. तो मार्ग आजही बंद झालेला नाही.

मामांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि कपाटातून पत्र्याचा डबा काढला. आत बियाण्याच्या पिशव्यांची लेबलं आणि दुकानाच्या पावत्या. म्हणाले, "हे बघ. बी उगवलं न्हाई तर लॉट नंबर लागतोय, म्हणून आमी लेबल जपून ठेवतो. कृषी खात्याचं सायेबबी दरसाली तेच सांगत्यात. आन् माज्या हाडात काय पेरलंय, त्याचं लेबल कुठाय रं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली जीआय मिळाला, म्हणजे तिथल्या दाण्याला नाव-गाव-पत्ता आहे. आणि तो दाणा पिकवणाऱ्याच्या हाडातल्या खिळ्याला नाही!

आता तुम्ही म्हणाल, नाव कळून मामा काय करणार? तर ऐका.

पहिलं कारण, पुढचा सर्जन. टेंडन पुन्हा फाटू शकतो, विशेषतः वय झालं असेल आणि फाट मोठी असेल तर. तेव्हा आत काय आहे हे माहीत हवं. धातूचा अँकर एक्सरेत दिसतो, पीकचा दिसत नाही. धातूमुळे एमआरआयच्या चित्रात डाग पडतो. आणि आटे असलेला अँकर उलटा फिरवून काढायचा तर त्याच्याच मापाचा ड्रायव्हर लागतो. आमच्या धंद्यात प्रॉडक्शनवर कुठल्या लायब्ररीचं कुठलं व्हर्जन चढवलं हे लिहून न ठेवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी मॅनेजर समोर बसवतो. इथे तर प्रॉडक्शन म्हणजे माणूस आहे.

दुसरं कारण, माल परत मागवायची वेळ आली तर? हे काल्पनिक नाही. ऑगस्ट २०१० मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीने एएसआर नावाचे खुब्याचे इम्प्लांट जगभरातून परत मागवले. भारतात ते सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांमध्ये वापरले गेले होते. पण पुढे माग लागला तो जेमतेम हजारभर रुग्णांचा. बाकीचे कुठे आहेत, कसे आहेत, कुणाला पत्ता नाही. ज्याच्या हातात लेबलच नाही, त्याला बोलावणार कसं?

तिसरं कारण, पैसा. फेब्रुवारी २०१७ मध्ये एनपीपीएने हृदयाच्या स्टेंटवर कमाल किंमत लावली. लाखाच्या पुढे जाणारा औषधी स्टेंट तीस हजारांच्या आत आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटचा नंबर लागला. खांद्याच्या अँकरला अशी कमाल किंमत नाही. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली आणि वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त एमआरपी वाढवायला बंदी झाली, हे खरं. पण मुळात किती छापायची ते ठरवणार कंपनीच!

मी सर्व अँकरवर उद्या कमाल किंमत लावा म्हणत नाहीये. माझा एक डॉक्टर मित्र म्हणतो, नुसता खिळा बघू नकोस. त्याच्यामागे दुर्बीण आहे, ठोकायची-पिळायची हत्यारं आहेत, सर्जनची वर्षानुवर्षांची तालीम आहे, ऐनवेळी हाड ठिसूळ निघालं तर वाया जाणारा नग आहे. सगळं मान्य. मग हत्यारांचे हत्यारांच्या नावाने घ्या, तालमीचे सर्जनच्या फीमध्ये घ्या. खिळ्याच्या आडून का घेता? आणि नाव लिहायला कितीसा खर्च येतो?

कारण नाव आयतंच असतं हो! अशा इम्प्लांटच्या खोक्यात कंपनी, माप आणि लॉट नंबर छापलेले चिकटवायचे स्टिकर येतात. एक हॉस्पिटलच्या फाइलला, एक रुग्णाच्या कार्डाला, इतकं सोपं काम. स्टेंटच्या त्या २०१७ च्या आदेशात तर स्पष्टच होतं, की बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवा आणि ब्रँड, उत्पादक किंवा आयातदार, बॅच नंबर लिहा. जे छातीला लागू, ते खांद्याला का नको? माझी मागणी एवढीच आहे: शरीरात राहणाऱ्या प्रत्येक वस्तूला हाच नियम लावा.

आमच्या गावची दामाजीपंतांची कथा तुम्हाला माहीत असेलच. दुष्काळात त्यांनी बादशहाचं कोठार लोकांना खुलं केलं. मग विठोबा स्वतः विठू महाराचं रूप घेऊन बेदरच्या दरबारात गेला आणि धान्याचे पैसे भरून आला. पण लक्षात घ्या, नुसते भरले नाहीत, रीतसर पावती घेतली! प्रत्यक्ष देवाला जे सुचलं ते आपल्याला काउंटरवर विचारायला लाज वाटते.

तेव्हा घरात कुणाचं असं ऑपरेशन ठरलं, तर आदल्या दिवशीच नम्रपणे सांगून ठेवा: स्टिकर कार्डावर लावा, खोक्यावरची एमआरपी दाखवा, बिलात नग आणि नाव लिहा. डॉक्टरांवर अविश्वास म्हणून नव्हे, आपलं रेकॉर्ड म्हणून.

आम्ही आता रीतसर अर्ज करून मामांची सगळी फाइल मागितली आहे. मामांनी तोवर पत्र्याच्या डब्यात एक कप्पा मोकळा करून ठेवलाय. म्हणाले, "लेबल आलं की हितं ठेव, मालदांडीच्या शेजारी."

असो. बघू काय येतंय ते.