मैदान कुणाच्या बापाचे?

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाले की तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडायचे, त्याचा कडू थेंब जिभेला लावायचा आणि मगच फराळाला बसायचे, ही आम्हा लालबागकरांच्या घरची रीत. वाचकहो, हा लेख तो कडू थेंब समजा.

परवा नातवाचा फुटबॉल पाहायला लोअर परळला गेलो. मैदान कुठे म्हणून विचारले, तर त्याने लिफ्टकडे बोट दाखविले! वर गच्चीत प्लास्टिकचे गवत, भोवती जाळी आणि भाडे तासाला बाराशे रुपये. त्या जागी पूर्वी गिरणी होती. माझ्या वडिलांनी तिथे साच्यांवर घाम गाळून पगार आणला. त्यांचा पणतू तिथेच पैसे मोजून घाम गाळतो.

आणि ही जमीन काही आपोआप गेली नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडीत निघाल्या. १९९१ च्या नियमाने त्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले : एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली सरकारने त्या नियमात एक बारीकशी दुरुस्ती केली. गिरणीच्या इमारतीखालची जमीन वगळून, मुळात मोकळी असेल तेवढ्याच जमिनीचे वाटे करायचे! गिरणीत मोकळी जमीन ती किती? २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती उचलून धरली. तिसऱ्या वाट्याचे उरले ते तुकडे.

आता या तुकड्यांवर साहेबांच्या वाढदिवसाची 'भव्य' कबड्डी होते. फलकावर चढाई करणारा पोरगा बोटभर, साहेब हातभर. ज्यांच्या राज्यात मैदाने गेली तेच चषक वाटतात, आणि आपण टाळ्या पिटतो! साहेबांना कशाला दोष द्यावा? टाळ्या तर आपल्याच.

दक्षिण अमेरिकेत उरुग्वे नावाचा स्पॅनिश बोलणारा चिमुकला देश आहे. वस्ती जेमतेम पस्तीस लाख, म्हणजे मुंबईच्या निम्मीसुद्धा नाही. पण १९३० आणि १९५० सालचे फुटबॉलचे विश्वचषक त्याने जिंकले. १९७३ पासून तिथे लष्कराची सत्ता होती. सेनापतींना आपल्या सोयीची घटना हवी होती. नोव्हेंबर १९८० मध्ये लोकांनी ती मतपेटीतून फेटाळली. महिनाभरातच माजी विश्वविजेत्यांची स्पर्धा माँटेव्हिडिओच्या सेंतेनारिओ मैदानावर भरली. तिच्या यशाने आपली अब्रू उजळेल, असा सेनापतींचा हिशेब. उरुग्वेने ब्राझीलला २-१ असे हरवले, आणि त्याच मैदानात लोक ओरडू लागले : ही हुकूमशाही संपणार! चषकही घेतला आणि तोंडावर उत्तरही दिले.

आपल्यालाही हे कधीकाळी येत होते. २० नोव्हेंबर १९५५ रोजी गिरगाव चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा याच मुंबईकरांनी उधळली. दगड-चपला फेकणे शहाणपणाचे होते असे मी म्हणत नाही. पण वाळू आपली आहे आणि बोलायचा हक्कही आपला आहे, एवढे त्या गर्दीला ठाऊक होते.

परवाच आमच्या गल्लीतली पोरे चषकाची वर्गणी मागायला आली. मी शंभराची नोट दिली आणि पावतीच्या मागे लिहिले : 'गिरणीच्या जमिनीतला आमचा तिसरा वाटा कुठे आहे, हे बक्षिसे वाटायच्या आधी साहेबांना विचारावे.' पोरांनी ते वाचले, एकमेकांकडे पाहिले आणि पावती मला परत दिली.

"आजोबा, पुढल्या वर्षी मंडपाची परवानगी मिळायची नाही."