रेंज उंबरठ्यापर्यंतच

मध्यमवर्गीय घरात नवा मोबाइल आला की पहिले दोन दिवस कौतुकात जातात. तिसऱ्या दिवशी घरातले कोणीतरी गॅलरीच्या कठड्याला टेकून ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ असे ओरडू लागते. जुन्या, बटणांच्या फोनवरून स्वयंपाकघरातूनही निवांत बोलता येत होते. पंधरा-वीस हजारांच्या नव्या फाइव्ह-जी फोनवर मात्र आतल्या खोलीत शिरताच आवाज तुटतो आणि बँकेचा ओटीपी मुदत टळून गेल्यावर येऊन पोचतो. दुकानदार म्हणतो फोन उत्तम आहे. कंपनी म्हणते तुमच्या भागात नेटवर्क उत्तम आहे. दोघेही खोटे बोलत नसतात, हीच यातली गंमत आहे.

कारण साधे आहे. रेडिओलहरींची वारंवारता जितकी अधिक, तितके भिंती भेदण्याचे त्यांचे बळ साधारणतः कमी. टू-जीचे संभाषण ९०० वा १८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालत असे. भारतातील फाइव्ह-जीचा मुख्य भार ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे. या उंच पट्ट्यांत जागा मुबलक, म्हणून वेग मोठा. पण काँक्रीटची भिंत आणि सळयांचे जाळे ओलांडताना त्या लहरींची दमछाक होते. घराच्या आतपर्यंत पोचण्यास सर्वांत सोयीचा असा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा सरकारने २०१६ मध्ये लिलावास काढला, पण राखीव किंमत इतकी चढी होती की एकही बोली आली नाही. २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. किंमत बरीच उतरविल्यावर २०२२ च्या लिलावात तो विकला गेला, तोही एकाच कंपनीला. त्या लिलावात सरकारच्या पदरी सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली पडल्या. म्हणजे स्वयंपाकघरात आवाज का पोचत नाही, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग मनोऱ्यावर नसून तिजोरीच्या हिशेबात आहे.

हे ठाऊक नसलेला ग्राहक आपल्यापरीने मार्ग शोधतो. काही मार्ग बिनखर्चाचे आहेत. फोन फाइव्ह-जी आणि फोर-जी यांच्यात धरसोड करीत असेल, तर सेटिंगमध्ये तो फोर-जीवर बांधून ठेवल्यास पुष्कळदा संभाषण स्थिरावते. नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेण्यापूर्वी त्या कंपनीचे सिम असलेला शेजाऱ्याचा फोन घेऊन आपल्याच स्वयंपाकघरात पाच मिनिटे उभे राहणे, ही सर्वांत स्वस्त चाचणी होय. पण बहुतेक मार्ग खिशातून जातात. वाय-फायवरून कॉल करण्याची सोय आपल्याकडे २०१९ च्या अखेरीपासून आली. ती चांगली आहे, परंतु तिच्यासाठी घरी ब्रॉडबँड हवे, त्याचे बिल निराळे. शिवाय वीज गेली की राउटर बंद, म्हणून इन्व्हर्टरही हवा. कोणी दुसरे सिम बाळगतो. कोणी बाजारातून ‘बूस्टर’ आणतो. विनापरवाना तो लावणे बेकायदा आहे, आणि एका घराची रेंज सुधारताना तो साऱ्या आळीच्या नेटवर्कमध्ये गोंगाट माजवितो.

महाराष्ट्रातील शहरवासीयास हा अनुभव नवा नाही. नळाचे पाणी वरच्या मजल्यावर चढेना, तेव्हा त्याने जमिनीखाली टाकी बांधली आणि पंप बसविला. पालिकेची पाणीपट्टी तेवढीच राहिली, वर पंपाचे विजेचे बिल आले. पुरवठा करणाऱ्याने दारापर्यंत आणून सोडायचे आणि उरलेली दहा पावले ग्राहकाने स्वखर्चाने चालायची, असा हा अलिखित करार आहे. भारतातला डेटा जगात स्वस्त असल्याचे अभिमानाने सांगितले जाते. त्या आकड्यात ही दहा पावले धरलेली नसतात. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी दर वाढविले, तेव्हाही ती धरली गेली नाहीत.

ग्राहक सर्वस्वी निर्दोष आहे असेही नाही. आपल्या इमारतीच्या गच्चीवर मनोरा नको म्हणून सोसायटीच्या सभेत हात वर करणारे आणि घरात रेंज नाही म्हणून तक्रार करणारे पुष्कळदा एकच असतात. किरणोत्सर्गाची भीती हे कारण पुढे केले जाते. पण भारताने सप्टेंबर २०१२ मध्येच मनोऱ्यांसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांशावर आणली होती. मनोरा शेजारच्या गल्लीत असावा आणि रेंज आपल्या घरात, ही अपेक्षा लहरींना समजत नाही.

तरीही मोठी जबाबदारी सेवा विकणाऱ्याचीच. तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे एक रुपया, दिवसाला फार तर तीन, अशी भरपाई दूरसंचार नियामकाने १ जानेवारी २०१६ पासून ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात ती रद्द ठरविली. त्यानंतर २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना आपल्या सेवाक्षेत्राचे नकाशे लोकांपुढे ठेवावयास लावले. नकाशा उपयोगी आहे, पण गल्लीवर पसरलेला रंग घरातल्या खोलीविषयी काहीच सांगत नाही. त्यातून वर्षभराचा रिचार्ज एकदम भरलेला प्रीपेड ग्राहक कंपनी बदलू पाहतो, तेव्हा उरलेले पैसे बुडतात. कंपनी बदलण्याची मुभा २०११ पासून देशभर आहे. तिची किंमत मात्र असंतुष्ट ग्राहकच मोजतो. तक्रार नोंदवूनही घरात सेवा न सुधारल्यास उरलेल्या मुदतीचे पैसे परत मिळावेत, एवढा एक नियम झाला तरी कंपन्यांचे लक्ष रस्त्यावरून घरांकडे वळेल. तोवर तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा, त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जावे, आणि तेथेही दाद न मिळाल्यास ग्राहक आयोगाचा दरवाजा ठोठवावा. दूरसंचाराच्या तक्रारी आयोगापुढे चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.