स्वयंपाकघर : आधी खिडकी, मग टाइल्स

वाशीम, कारंजा, रिसोडकडे घर नव्याने बांधताना स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा आणि भडक रंगाच्या चकचकीत टाइल्स हौसेने बसवतात. हौस जरूर करावी. पण आधी आरोग्य पाहावे. ओटा स्वयंपाक करणारीच्या कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असावा, नाहीतर कंबर आणि खांदे धरतात. खाली खरखरीत फरशीच बरी. तेल-पाणी सांडले की गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने गॅस खेड्यापाड्यांत पोचला, तरी कित्येक घरी भाकरी चुलीवरच होते. त्या धुराने दमा बळावतो, मोतीबिंदूचा धोका वाढतो. म्हणून समोरासमोर दोन खिडक्या ठेवाव्यात, चुलीवर धुराडे काढावे. आणि मिस्त्रीला माप घरधन्याने नव्हे, तिथे रोज उभ्या राहणाऱ्या गृहिणीने द्यावे.