सुरतेचा पूल आणि सोलंगचा उतार

गेल्या दिवाळीत चार दिवस आम्ही सुरतेस होतो. आमची धाकटी बहीण मे महिन्यापासून गावचे घर, वाडी आणि कोंबड्या शेजारणीवर सोपवून तेथेच राहिली आहे. तिचा थोरला मुलगा हजिऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. त्याच्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा उठता-बसता हात द्यावयास घरचे माणूस हवे होते. आम्ही पोहोचलो त्याच दिवशी तिने आम्हांस स्वयंपाकघरात बोलावले आणि दार लोटून घेऊन म्हटले, “दादा, तो पुन्हा बर्फावर जायचं म्हणतोय. जानेवारीचे पैसेही भरून बसलाय. तू तरी सांग त्याला.”

सुरत आणि बर्फ! वाचकांस नवल वाटेल. प्रथम आम्हांसही वाटले होते. ज्या शहरात टेकडी म्हणून नाही, चढण चढावयाची तर तापीवरचा पूल गाठावा लागतो, तेथील मुलास स्कीइंगचा, म्हणजे पायांस लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा, नाद लागावा! मित्रांबरोबर तो मनालीस गेला आणि वेडा होऊन परतला. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून एकटाच गेलेला खेळाडू, गुलमर्गचा आरिफ खान, हा स्कीइंगचाच गडी होता, हे त्यानेच आम्हांस ऐकवले. दुसऱ्या खेपेस, फेब्रुवारीत, सोलंगच्या उतारावर तो पडला. पडणे फार मोठे नव्हते. पण पाऊल ताठ बुटात जखडलेले, पट्टी एकीकडे वळलेली आणि अंग दुसरीकडे. गुडघ्यात कट्ट असा आवाज झाला आणि संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला.

पुढचे दोन महिने हाडवैद्याच्या लेपांत गेले. सूज उतरली, दुखणे थांबले, पण जिना उतरताना गुडघा दगा देई. अखेर तपासणीत कळले की आतले लिगामेंट तुटले आहे. मांडीचे आणि नडगीचे हाड जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या दोन दोऱ्या गुडघ्याच्या आत एकमेकींस छेदून जातात. वैद्यकाने त्यांस क्रुसावरूनच नाव दिले आहे. त्यांतील पुढची पूर्ण तुटली तर बहुधा आपोआप सांधत नाही, मग लेप कितीही लावा. आपल्या गावच्या कबड्डीत आणि फुटबॉलमध्येही हेच होते: पाय अडकतो, अंग वळते. कित्येक चांगले गडी ‘गुडघ्यात काहीतरी सरकले’ एवढेच म्हणत मैदान सोडून बसले आहेत. ते काहीतरी बहुधा हेच असावे.

शस्त्रक्रियेत मांडीच्या मागची कंडरा काढून, हाडांत भोके पाडून, दुर्बिणीच्या साहाय्याने ती तुटलेल्या दोरीच्या जागी बसवतात. येथवरचे काम डॉक्टरांचे. पुढे मात्र एक फसवी गोष्ट घडते. बसवलेली कंडरा आरंभी निर्जीवच असते. तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरून ती दोरीसारखी बळकट व्हावयास पुष्कळ महिने लागतात, आणि दुखणे तर त्याच्या कितीतरी आधी थांबलेले असते. रोग्यास वाटते, झालो बरा! नॉर्वेतील खेळाडूंवरील एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका लांबवावा तितकी दुसऱ्या दुखापतीची भीती उतरते, महिन्यागणिक सुमारे निम्म्याने. आमच्या भाच्याचे जानेवारीत जेमतेम साडेसात महिने भरणार होते.

त्याने आम्हांस ऋषभ पंतचे उदाहरण दिले. ३० डिसेंबर २०२२ रोजी रुरकीजवळ त्याची मोटार उलटून जळाली. मुंबईत गुडघ्याच्या लिगामेंटवर शस्त्रक्रिया झाली. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये चेन्नईच्या कसोटीत त्याने शतक ठोकले. आम्ही विचारले, “मधे किती दिवस गेले, बाळा?” मार्च २०२४ पर्यंत तो एकही सामना खेळला नव्हता, म्हणजे चौदा महिने. अमेरिकेची लिंडसे व्हॉन हिची कथा तर स्कीइंगचीच. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑस्ट्रियात पडून तिचा उजवा गुडघा गेला. नोव्हेंबरात ती सराव करीत असता शिवलेली दोरी पुन्हा फाटली आणि २०१४ चे ऑलिंपिक हुकले. तेव्हा नऊ महिने लोटले की दार उघडलेच, असेही नव्हे. तीच बाई २०१८ साली प्योंगचांगला कांस्यपदक घेऊन गेली, हेही खरे. भाचा म्हणाला, “पाहिलंत ना, मामा!” आम्ही काय बोलणार? दोघांनीही आपापल्या सोयीचे तेवढे उचलले होते.

बहिणीस वाटत होते की आम्ही त्याला कायमचे अडवावे. ते आमच्या जिभेवर येईना. त्याचे बर्फावरचे छायाचित्र आम्ही पाहिले होते. इतके आनंदी तोंड त्याने पहिल्या पगाराच्या दिवशीही केले नसेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्याबरोबर पुलावर फिरावयास गेलो. हा त्याचा रोजचा व्यायाम. चढताना तो पुढे असे, उतरताना मात्र एकेक पाऊल जपून टाकी, कारण शरीराचा भार आवरून धरण्याचे काम उतारावरच गुडघ्यावर येते. घरी परतल्यावर गच्चीत त्याने खडूने रेघ मारली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेली परीक्षा होती ती. एका पायावर लंगडी घालीत जितके लांब जाता येईल तितके जावे. आजारी पायाने चांगल्या पायाच्या शंभरास किमान नव्वद गाठावे. बहीण लोणच्याची बरणी उन्हात ठेवण्याच्या निमित्ताने वर आली होती.

डाव्या पायाने तो सहज दूर गेला. उजव्याने उडी घेतली आणि अडखळत टेकला. दोन रेघांत हातभर अंतर राहिले. आणखी दोनदा उडी मारली. अंतर तेवढेच. आम्ही काही बोललो नाही. बहिणीनेही, आश्चर्य म्हणजे, तोंड उघडले नाही. तो बराच वेळ त्या रेघांकडे पाहत उकिडवा बसला, म्हणजे बसण्याचा प्रयत्न केला, आणि मग फरशीवरच पाय पसरून बसला.

दुपारी त्याने जानेवारीचे नाव काढून घेतले. निम्मे पैसे बुडाले. रात्री जेवताना बहिणीने त्याच्या ताटात माशाची तुकडी वाढीत विचारले, “पुढच्या वर्षी कुठल्या महिन्यात असतं रे ते?”

“फेब्रुवारीत, आई.”

“थंडी फार असते का तिकडे?”


तो हसला आणि म्हणाला, “तू येतेस का बघायला?” तिने उत्तर दिले नाही, पण सकाळी पाहतो तो खडूच्या रेघा पुसू नयेत म्हणून तिने गच्चीचा तेवढा भाग झाडलाच नव्हता.