जीप मोडीत काढावी काय?

आमच्या तालुका शाखेच्या गेल्या बैठकीत सात विषय होते. पहिले पाच अर्ध्या तासात संपले. उरलेले अडीच तास सहाव्या विषयाने घेतले आणि सातवा, वनहक्क दाव्यांचा विषय, पुढील बैठकीवर ढकलावा लागला. सहावा विषय होता शाखेच्या जुन्या जीपचा. ती आहे तशी चालवावी, दुरुस्त करून घ्यावी की मोडीत काढून नवी गाडी घ्यावी? एका गाडीपायी इतका वेळ दवडला म्हणून काही तरुण साथी नाराज झाले. प्रस्तुत लेखकाला मात्र तो वेळ वाया गेला असे वाटत नाही. चळवळीने कोणते साधन वापरावे आणि त्याचे मोल कोणी मोजावे, हा प्रश्न त्या अडीच तासांत आमच्यापुढे उभा राहिला होता.

जीप १९८९ सालची, महिंद्रा ५४० जातीची. शेतमजूर, शिक्षक व एस.टी. कामगार यांच्या वर्गणीतून ती घेतली गेली. सातपुड्यात अक्राणी-मोलगीच्या बाजूला ज्यांनी पावसाळा काढला आहे, त्यांना तिचे महत्त्व सांगावे लागणार नाही. पाड्यावरचा रुग्ण बांबूला बांधलेल्या झोळीतून माणसांच्या खांद्यावर खाली येतो. जिथे चाकाला जागा मिळते तिथून दवाखान्यापर्यंत त्याला नेणे हे या जीपचे काम. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर दाव्यांची गाठोडी आणि दावेदार या दोहोंना तिनेच तालुक्याला नेले-आणले. आज तिची अवस्था बिकट आहे. मागचे पाटे बसले आहेत, क्लच घसरतो, चढावर काळा धूर निघतो, तळाचा पत्रा गंजून त्यातून रस्ता दिसतो. पुढील पासिंग काही महिन्यांवर आले आहे.

प्रथम, जे साथी भावनेपोटी ‘आहे तशीच चालू द्या’ म्हणतात त्यांच्याशी स्पष्ट बोलले पाहिजे. जुन्या साथींच्या आठवणी या गाडीशी जोडल्या आहेत हे खरे; परंतु आठवणींनी ब्रेक लागत नाहीत. ज्या वर्षी ही जीप बनली त्या वर्षी आपल्या देशात डिझेल वाहनांच्या धुरावर उत्पादनाच्या वेळी लागू होणारी मर्यादाच नव्हती. ती १९९२ साली आली. डिझेलचा धूर कर्करोगास कारणीभूत ठरतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ साली दिला आहे. हा धूर पहिल्यांदा मागच्या बाकावर बसलेल्या बाळंतिणीच्या छातीत जातो. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी कारखान्याच्या दारात धरणे धरणाऱ्या पक्षाने आपल्याच कार्यकर्त्यांना पट्ट्यावाचून, गंजलेल्या पत्र्यावर बसवून घाट उतरवावा, यात विसंगती आहे. तेव्हा ‘आहे तशी’ हा पर्याय निकालात निघाला पाहिजे.

मग नवी घ्यावी काय? चारही चाकांना जोर पोचवणाऱ्या नव्या गाडीची किंमत कित्येक लाखांपासून सुरू होते आणि पुढे कितीतरी चढते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, जुन्या जीपची जागा घेणारी गाडी आज बाजारात फारशी उरलेली नाही. १९४७ च्या सुमारास मुंबईत विलीज जीप जुळवण्यास आरंभ झाला, तो शेतावरच्या, धरणाच्या कामावरच्या आणि सरकारी दौऱ्यांवरच्या वापरासाठी. २०२० साली आलेली नवी थार प्रामुख्याने चौघांसाठी आहे. तिची जाहिरात डोंगरावर सहलीला जाणाऱ्या शहरी ग्राहकाला उद्देशून असते. दोष अभियंत्यांचा नव्हे. जिथे क्रयशक्ती आहे तिथेच उत्पादन वळते, हा भांडवली अर्थव्यवस्थेचा नियम आहे, आणि पाड्यावरच्या माणसापाशी क्रयशक्ती नाही. शिवाय नव्या गाडीचे पुष्कळसे कार्य विद्युत-नियंत्रणावर चालते. ते बिघडले की तालुक्याच्या गावातील मिस्त्रीचा पाना निरुपयोगी ठरतो आणि गाडी जिल्ह्याच्या कंपनी-केंद्रात न्यावी लागते. डॉ. राममनोहर लोहिया लहान यंत्रांचा आग्रह धरीत, तो याच कारणाने: यंत्र असे असावे की ते वापरणाऱ्याच्या आवाक्यात राहील आणि त्याला परावलंबी करणार नाही. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २०२२ साली समिती नेमली आणि तिच्या कक्षेत मोटारगाड्याही घेतल्या, यावरून हा प्रश्न केवळ आमच्या शाखेचा नाही हे उघड आहे.

परंतु त्याच सरकारचे दुसरे धोरण उलट दिशेने जाते. ऑगस्ट २०२१ मध्ये जुनी वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होऊ लागली. संरक्षण व अंतर्गत सुरक्षेच्या खास वाहनांना मात्र त्यातून सूट आहे. खाजगी हलक्या मोटारगाडीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क २०२२ साली ६०० रुपयांवरून ५,००० झाले आणि २०२५ साली वीस वर्षांवरील गाड्यांसाठी १०,००० वर गेले. प्रदूषण कमी व्हावे याबद्दल आमचे दुमत नाही. पण धूर मोजायचा तर यंत्राने मोजावा, कॅलेंडरने नव्हे. वर्षाकाठी थोडे अंतर चालणारी, नीट राखलेली जीप आणि रोज शहरात धावणारी, कधीच न तपासलेली गाडी यांना एकच शुल्क लावणे म्हणजे तपासणीचे कष्ट टाळून गरिबाच्या खिशात हात घालणे होय. नवी गाडी बनविण्यासाठी जे पोलाद आणि जी वीज खर्ची पडते, तिचा हिशेब तर या धोरणात कुठेच दिसत नाही.

राहिला दुरुस्तीचा पर्याय. तोही डोळे मिटून स्वीकारण्याजोगा नाही. १९४८ साली काश्मीरमधील युद्धाच्या काळात लंडनमधील आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी दोन हजार जीपगाड्यांचा करार केला, त्या गाड्या दुरुस्त करून नव्यासारख्या केलेल्याच होत्या. हाती आल्या १५५, आणि त्या वापरण्याजोग्या नव्हत्या. १९५५ साली सरकारने ते प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. जनतेच्या मनातून ते मिटले नाही. तपासणीवाचून आणि हिशेबावाचून केलेली दुरुस्ती हीही उधळपट्टीच असते, हा त्याचा धडा आहे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी चेसिस तपासावी. हातोडीने ठोकून, रंग खरवडून गंज किती खोल गेला आहे ते पाहावे. चेसिसच सडली असेल तर इंजिनावर एक रुपयाही घालू नये; गाडी अधिकृत मोड-केंद्राला द्यावी आणि जीवच दुखवायचा तर तो एकदाच दुखवावा. चेसिस शाबूत असेल तर पुढचे काम ब्रेक आणि स्टिअरिंगचे. त्यानंतर पाटे व क्लच. मग इंजिन उतरवून त्याचे पूर्ण काम करावे. दुसरे इंजिन बसविण्याच्या मोहात पडू नये, कारण त्याला परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. पत्रा आणि आसनांचे पट्टे त्यापाठोपाठ. रंगरंगोटी सर्वांत शेवटी, आणि पैसे उरले तरच. आमच्याकडे नेमका उलटा उत्साह दिसला: दोन साथींनी बैठकीतच रंग ठरवून टाकला होता! नोंदणीपुस्तकात जितक्या आसनांची नोंद आहे त्याहून एकही माणूस बसवायचा नाही, हा नियमही दुरुस्तीचाच भाग समजला पाहिजे.

मिस्त्रीने या कामाचा अंदाज पावणेदोन लाखांचा दिला आहे. शाखेजवळ त्याच्या निम्मेही नाहीत. आणि येथेच बैठकीतील खरा प्रश्न पुढे आला. एका ठेकेदाराने नवी गाडी शाखेला ‘वापरायला’ देऊ केली आहे. गाडी त्याच्या नावावर राहील, डिझेल आपले. अट काहीही नाही, असे निरोप आणणाऱ्याने दोनदा सांगितले. ज्याला अट नसते त्याला ती दोनदा सांगावी लागत नाही. या ठेकेदाराने केलेला रस्ता पहिल्याच पावसात वाहून गेला आणि त्याविरुद्ध आपल्याच साथींनी तहसील कचेरीवर मोर्चा नेला होता. उद्या त्याच रस्त्यावरून त्याच्याच गाडीत बसून आपण कोणत्या तोंडाने निवेदन द्यायला जाणार? १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले तेव्हा आपण त्या निकालाचे स्वागत केले. पक्षाला पैसा कोण देतो हे मतदाराला कळले पाहिजे, हे तत्त्व दिल्लीपुरते नाही. तालुक्याच्या गावी उभ्या असलेल्या गाडीलाही ते लागू आहे.

या देणगीच्या बाजूने बोलणारे साथी स्वार्थी नाहीत, हे मी मुद्दाम नोंदवतो. त्यांच्यापैकी एकाने विचारले, ‘पावसाळ्यात एखादी बाई वाटेत दगावली तर तुमचे तत्त्व तिला वाचवील काय?’ या प्रश्नाला टाळ्या घेणारे उत्तर नाही. प्रामाणिक उत्तर एवढेच की, रुग्णाला दवाखान्यात नेणे हे मुळात शासनाचे कर्तव्य आहे. आपली जीप त्या कर्तव्याची जागा कायमची घेऊ शकत नाही; आणि ते कर्तव्य शासनाकडून करवून घ्यायचे असेल तर आपला आवाज कोणाकडे गहाण पडलेला चालणार नाही. जीप गॅरेजमध्ये असेल तेवढे दिवस भाड्याची गाडी ठरवून ठेवावी, तिचा खर्च अंदाजात धरावा, आणि पावसाळ्यापूर्वी आरोग्य खात्याच्या रुग्णवाहिकेसाठी जिल्हा परिषदेवर धडक द्यावी.

पुढील बैठकीत मी पुढीलप्रमाणे ठराव मांडणार आहे. ठेकेदाराची गाडी आभार मानून परत करावी. चेसिसची तपासणी दोन वेगवेगळ्या मिस्त्रींकडून, सभासदांच्या देखत व्हावी. ती शाबूत निघाल्यास पावणेदोन लाखांची मर्यादा घालून दुरुस्ती करावी आणि प्रत्येक पावती कचेरीच्या भिंतीवर लावावी. पैसा दहा-दहा, वीस-वीस रुपयांच्या वर्गणीतून उभारावा. यास वेळ लागेल, पण त्या निमित्ताने आपण ज्या पाड्यांवर गेली दोन वर्षे फिरकलो नाही तिथे जाणे होईल, आणि मागे पडलेल्या वनहक्क दाव्यांची विचारपूसही होईल. फक्त सातवा विषय या खेपेस पहिला घ्यावा, एवढी साथींना विनंती.