चिमणी बसवली, धूर तसाच!

दिवाळीआधी हौसेने स्वयंपाकघरात चिमणी बसवून घेतली. पण फोडणी टाकली, की सासूबाईंचा खोकला सुरूच! बसवणाऱ्याला बोलावलं, तर म्हणाला, ‘वहिनी, तुम्ही तेलच फार तापवता!’ शेवटी स्टुलावर चढून मीच पाहिलं. ६ इंची पाइप ४ इंची भोकात कोंबलेला, वर त्याला तीन वळणं. धूर जाणार कुठून? भोक मोठं करवलं, एकच वळण ठेवलं, चिमणी शेगडीपासून सव्वादोन-अडीच फुटांवर आणली. आता शेगडी बंद ठेवून चिमणीच्या जाळीला कागद लावला, की चिकटून राहतो. मैत्रिणींनो, ही परीक्षा घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ओट्याशी आपण उभ्या असतो. मग जाबही आपणच विचारायचा!