पैसे परत, आणि जीव?

आमच्या घरी लॅब्राडोरचं पिल्लू आणलं, 18 हजार मोजून. तिसऱ्या दिवशी उलट्या, रक्ताची हागवण. डॉक्टर म्हणाले, पार्व्हो. आम्ही पिल्लू विकणाऱ्याकडे परत नेऊन ठेवलं. तो म्हणाला, "पैसे मिळायचे नाहीत वहिनी, दुसरं घ्या की. जिवंत मालाची हमी नसते."

हमी नसते, मग पैसे कसे रोख मोजून घेता? 2017 च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आमचं जेमतेम पाच आठवड्यांचं. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीसुद्धा नाही. मी तक्रार दिली आहे. बायांनो, "जाऊ दे" म्हणणं सोडा.

पण खरं भांडण माझं माझ्याशीच आहे. महिनाभर घरात चर्चा पैशांची. पिल्लाचं काय झालं, हे मी एकदाही विचारलं नाही. पाणी गाळून पिणारी मी, आजारी जीव बिघडलेल्या मिक्सरसारखा परत देऊन आले! सलाईन लावून उपचार केले तर पार्व्होतून कित्येक पिल्लं वाचतात, हे नंतर कळलं.

दशलक्षणात आपण जीवदयेच्या पावत्या फाडतो आणि वाढदिवसाला जीव विकत आणतो. ही कसली अहिंसा? पैसे मागाच, ते हक्काचे आहेत. पण पिल्लू परत करू नका. आधी उपचार करा, बिलासकट भरपाई मागा. आणि मुळात विकत घेताच कशाला? आपल्या गल्लीत पिल्लं कमी आहेत का?